सोलापुरात पत्रकारिता: सुरुवात कशी करावी आणि नोकरी गेली तर काय करावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजचे निकाल लागले की "पत्रकार व्हायचंय, कुणाला भेटू?" असं विचारणारी मुलं भेटू लागतात. अलीकडे तितकेच फोन या धंद्यात मुरलेल्या सहकाऱ्यांचे येतात: "आवृत्तीतली माणसं कमी करायलेत, यादीत माझं नाव आहे, आता काय करू?" दोघांनाही इथे एकत्रच उत्तरं देत आहे, कारण नोकरी गेल्यावर पत्रकार कसा सावरतो हे बरंचसं त्याने पहिल्या दोन-तीन वर्षांत काय जमवलं यावर ठरतं. खुर्ची, कार्ड, ऑफिसचा मेल हे सगळं मालकाचं असतं. माणसं, विषयाची जाण आणि हातातली भाषा तुमची असते. खालच्या बहुतेक उत्तरांमागे हीच गोष्ट आहे.

पत्रकारितेची पदवी नसेल तर चालेल का?

चालेल. इथल्या दैनिकांत मराठी घेऊन बी.ए. झालेले, बी.कॉम. झालेले, वकिली सोडून आलेले असे सगळे रमले आहेत. तरी जमत असेल तर पदवी घ्याच. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात जनसंज्ञापनाचं शिक्षण मिळतं, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे. बातमी लिहायला वर्गात कुणी शिकत नाही, ती लिहून लिहूनच येते. पदवीचा उपयोग पुढे होतो. शासनाच्या माहिती खात्यातल्या जागा निघतात, कॉलेजात शिकवायची संधी येते, प्राध्यापकीसाठी नेट-सेट द्यावीशी वाटते, तेव्हा तो कागद मागतात. नोकरी गेल्यावर ज्यांच्याकडे तो होता त्यांना एक दार जास्त उघडं होतं, हे मी जवळून पाहिलं आहे.

सोलापुरात सुरुवात करू की थेट पुण्या-मुंबईला जाऊ?

माझं स्पष्ट मत: निदान पहिली तीन वर्षं सोलापुरात काढा.

मोठ्या शहरात नवख्याला डेस्कवर बसवतात. तो दिवसभर आलेला मजकूर कापतो आणि मथळे देतो. इथे पहिल्याच आठवड्यात तुम्हाला सिव्हिलला, कोर्टात, बाजार समितीत, मोर्च्यात पाठवतात, कारण पाठवायला दुसरं कुणी नसतं. आणि जिल्हा केवढा! अकरा तालुके. पंढरीची वारी, उजनीच्या पाण्याचं राजकारण, साखर कारखान्यांकडे थकलेली एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर), कांद्याचे लिलाव, यंत्रमाग, विडी कामगार, कुंभारीची रे नगर ही कामगारांची वसाहत. यातला कुठलाही एक विषय दहा वर्षं पुरेल.

सिद्धेश्वर कारखान्याच्या चिमणीचंच घ्या. विमानांना अडथळा ठरते म्हणून १५ जून २०२३ रोजी होटगी रोडवरची ती चिमणी पाडली आणि राज्यभरातल्या वाहिन्यांनी ते दृश्य दाखवलं. बाहेरून आलेल्यांना धुरळा दिसला. ज्यांनी त्याआधी विमानतळाचा वाद, सहवीजनिर्मितीचा प्रकल्प, कोर्टातल्या तारखा आणि सभासद शेतकऱ्यांची भीती वर्षानुवर्षं टिपली होती, त्यांनाच त्या दिवशी नीट लिहिता आलं. अशी जाण पुण्यात बसून येत नाही.

दुसरं कारण भाषेचं. या शहरात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू एकाच चौकात ऐकू येतात. पूर्व भागात कामचलाऊ तेलुगू, अक्कलकोटकडे थोडी कानडी बोलता आली की माणसं दारातूनच परत पाठवत नाहीत, आत बसवतात. घरात यातली एखादी भाषा असेल तर ती लपवू नका. मुलाखतीला जाल तेव्हा आधी तीच सांगा.

आणि हे गाव पत्रकारितेला परकं नाही. १९३० साली ब्रिटिशांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉनंतर (लष्करी कायद्यानंतर) १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात ज्या चार सोलापूरकरांना फाशी दिलं, त्यातले कुर्बान हुसेन हे 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे. तेव्हा ते ऐन विशीत होते. हुतात्मा चौकातून जाताना पुतळ्यांकडे बघताना हेही आठवावं.

पहिली नोकरी मिळते कशी? जाहिरात तर कुठेच दिसत नाही.

जाहिरात येतच नाही म्हटलं तरी चालेल. जागा रिकामी झाली की वृत्तसंपादक ओळखीतल्या चार जणांना विचारतो, आणि तिथे तुमचं नाव निघायला हवं. त्यासाठी स्वतःच्या तीन बातम्या लिहून घेऊन जा, छापून आलेल्या नसल्या तरी चालतील. बायोडेटा कुणी वाचत नाही, मजकूर वाचतात. जायचं ते दुपारी. संध्याकाळी सातनंतर पानं लागत असतात, तेव्हा गेलात तर कोणी तुमच्याकडे मान वर करून बघणारही नाही.

युनिकोड मराठी टायपिंग सफाईदार यायला हवं, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर आलं तर उत्तम. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा. एवढ्या दोन गोष्टी असलेला मुलगा किंवा मुलगी आली तर संपादक तिला सहसा हातची जाऊ देत नाही. तालुक्याच्या गावी असाल तर वार्ताहर म्हणून सुरुवात करा. बार्शी, सांगोला, करमाळ्याकडून नियमित चांगला मजकूर पाठवणाऱ्याकडे जिल्हा कार्यालयाचं लक्ष जातंच.

पहिल्या वर्षी नेमकं काय शिकायचं?

प्रेसनोट आणि बातमी यांतला फरक. पाण्याच्या बातमीवरून सांगते, कारण सोलापुरात प्रत्येक नवख्याला ती करावीच लागते.

महापालिकेकडून दोन ओळींची नोट येते: जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे शहराचा पाणीपुरवठा एक दिवस उशिरा होईल. ती तशीच टाकली तर सिंगल कॉलम होतो, आणि तुमच्याबरोबर सगळ्या पेपरांत तो असतो. ती नोट खिशात घाला आणि पूर्व भागातल्या एखाद्या गल्लीत जा. प्रत्येक दारात प्लास्टिकची पिंपं, हंडे, घागरी भरून ठेवलेल्या दिसतील. विचारा, मागच्या वेळी पाणी कधी आलं होतं? कॅलेंडरवर पाण्याच्या तारखेला गोल केलेला एखाद्या घरी हमखास सापडतो. त्याचा फोटो घ्या. मग विडी वळणाऱ्या बाईशी बोला. पाणी रात्री दोनला आलं तर ती पहाटेपर्यंत जागी असते. दुसऱ्या दिवशी हजार विड्या पुऱ्या होत नाहीत आणि मजुरी हजारावर असते. म्हणजे एक दिवस उशिरा आलेल्या पाण्याची किंमत तिने रुपयांत मोजलेली असते. ती किंमत तिच्याच शब्दांत लिहून घ्या. चाव्या सोडणारा कर्मचारी गाठा, कुठल्या भागाला किती वेळ पाणी सोडतात ते त्याला तोंडपाठ असतं. उजनीत त्या दिवशी पाणीसाठा किती आहे तो आकडा घ्या. धरण उशाला अन् कोरड घशाला ही म्हण कुठून आली ते तुम्हाला त्या एका दिवसात कळेल. आणि हे सगळं हातात घेऊन मग अभियंत्यांकडे जा. आता त्यांना नोट वाचून दाखवता येणार नाही, उत्तर द्यावं लागेल.

उत्तर टाळलं तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत. २००५ पासून हे हत्यार आपल्या हातात आहे आणि नवे बातमीदार ते फार कमी वापरतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याच वर्षी एक सवय लावून घ्या. भेटलेल्या प्रत्येक माणसाचं नाव, नंबर, तारीख आणि तो काय म्हणाला हे स्वतःच्या वहीत लिहा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लिहिलेलं ऑफिसमध्येच राहतं. छापून आलेल्या प्रत्येक बातमीची पीडीएफ त्याच रात्री स्वतःच्या मेलवर पाठवा, कारण ई-पेपरचे जुने अंक कधी दिसेनासे होतील याचा नेम नसतो.

आणि कायद्याच्या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी पाठ करा. बलात्कार पीडितेची ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही, नाव तर नाहीच, पण गल्ली, शाळा, नातेवाइकांची नावंही नाहीत. पोक्सोच्या, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, गुन्ह्यात मुलाच्या किंवा मुलीच्या बाबतीतही तेच. गाव लहान असतं, दोन खुणांवरून सगळ्यांना कळतं.

पगार किती मिळतो?

सुरुवातीला कमी. इतका कमी की बाहेरगावाहून आलेल्याला खोलीचं भाडं आणि मेस भागवताना ओढाताण होते. हे घरी आधीच सांगून ठेवा.

रकमेपेक्षा आधी कागद बघा. नेमणूकपत्र मिळतंय का? त्यावर पद काय लिहिलंय? पीएफ कापणार का? अनेक ठिकाणी बातमीदाराचं काम करवून घेतात आणि कागदावर 'एक्झिक्युटिव्ह' किंवा 'सल्लागार' असं काहीतरी लिहितात. नोकरी सुरू असताना याने फरक पडत नाही, ती जाते तेव्हा पडतो. नेमणूकपत्र देत नसतील तर निदान पगार बँकेत घ्या, रोखीने घेऊ नका.

तालुका वार्ताहरांचा प्रश्न वेगळा आणि जास्त कडू आहे. मानधन नावापुरतं, आणि कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. दिवाळी अंक, वर्धापनदिन, नेत्याचा वाढदिवस, प्रत्येक वेळी टार्गेट. ज्याच्याकडून सकाळी जाहिरात मागितली त्याच्याविरुद्ध संध्याकाळी बातमी कशी लिहिणार? ही वार्ताहराची नैतिक कमजोरी आहे असं मी मानत नाही. ही व्यवस्था मालकांनी उभी केली आहे आणि तिचा भार सगळ्यात कमी पैसे मिळणाऱ्या माणसाच्या खांद्यावर टाकला आहे. जमेल तितके दिवस जाहिरात आणि बातमी यांचे विषय वेगळे ठेवा. शेतीच्या बातम्या करत असाल तर जाहिराती कापड दुकानाच्या घ्या.

पत्रकार परिषदेनंतर पाकीट दिलं तर?

घेऊ नका. परत करताना भाषण देऊ नका, गाजावाजा करू नका. "नको साहेब, ऑफिसची परवानगी नाही" एवढं पुरतं. दोन-तीनदा नको म्हटलं की गावात कळतं आणि मग कुणी पुढे करत नाही.

नोकरीच्या मागे न लागता स्वतःचं यूट्यूब चॅनेल किंवा पोर्टल काढू का?

काढा, पण आधी दोन वर्षं कुठेतरी संपादकाच्या हाताखाली काढून मग. तुमचा मजकूर कुणीतरी लाल पेनाने खोडायला हवा, ते शिक्षण एकट्याला मिळत नाही.

छापील साप्ताहिक किंवा दैनिक काढायचं असेल तर १८६७ चा जुना कायदा गेला. १ मार्च २०२४ पासून २०२३ चा नवा नोंदणी कायदा लागू आहे आणि नावाची व अंकाची नोंदणी आता प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाइन होते. डिजिटल बातम्यांना २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम लागतात: केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला तुमची माहिती कळवायची, तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव प्रसिद्ध करायचं. गळ्यात स्वतःच छापलेलं 'प्रेस'चं कार्ड आणि गाडीवर स्टिकर लावून कुणी पत्रकार होत नाही. अशा कार्डांवर खंडणीचे गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आपणच छापतो.

बातमीवरून कुणी धमकावलं किंवा मारलं तर?

पोलिसात जा आणि २०१७ च्या महाराष्ट्राच्या पत्रकार संरक्षण कायद्याचं नाव घेऊन तक्रार द्या. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. एकटे जाऊ नका, पत्रकार संघातल्या दोघा ज्येष्ठांना बरोबर न्या. बदनामीची नोटीस आली तर तिला स्वतः उत्तर लिहू नका, ती संपादकांकडे आणि वकिलाकडे द्या.

नोकरी जाणार हे आधी कळतं का?

बहुतेक वेळा कळतं, आपण बघायचं टाळतो. पुरवणी बंद होते. सोडून गेलेल्याची जागा भरत नाहीत. जिल्ह्याची पानं दुसऱ्या शहरातून लागू लागतात. पगाराची तारीख सातवरून पंधरावर, पंधरावरून विसावर जाते. कायम असलेल्यांना कंत्राटावर यायला सांगतात. अचानक कुणाची तरी लांबच्या आवृत्तीत बदली होते, आणि तो जाणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं. २०२० च्या टाळेबंदीत देशभर वृत्तपत्रांनी पानं आणि माणसं कमी केली, तेव्हा हे फार वेगाने घडलं. एरवी ते सावकाश घडतं.

यातल्या दोन-तीन गोष्टी दिसल्या की लगेच कामाला लागा. पगारपत्रकं, नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रं, हजेरीचे मेल यांच्या प्रती घरी आणा. स्वतःच्या बातम्यांची कात्रणं गोळा करा. पीएफचं पासबुक उघडून बघा, पगारातून कापलेले पैसे खरंच जमा झालेत का. नवीन हप्त्यावर काही घेऊ नका. आणि रजा शिल्लक असेल तर दवाखान्याची राहिलेली कामं आताच करून घ्या, ऑफिसच्या विम्याचं छत्र आहे तोवर.

केबिनमध्ये बोलावून "राजीनामा लिहून द्या" म्हणाले. काय करू?

त्या क्षणी काहीही सही करू नका. हे उत्तर मोठं देते, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

प्रसंग साधारण असा असतो. दुपारी चारच्या सुमारास, म्हणजे कामाची धांदल सुरू होण्याआधी, फोन येतो. केबिनमध्ये संपादक असतात, आणि पुण्याहून किंवा मुंबईहून आलेली एचआरची व्यक्ती असते, जिला तुम्ही कधी पाहिलेलं नसतं. संपादक टेबलाकडे बघत असतात. समोर टाइप केलेला कागद येतो: 'वैयक्तिक कारणास्तव मी राजीनामा देत आहे.' सांगितलं जातं की आता सही केली तर एक-दोन महिन्यांचा पगार आणि चांगलं प्रमाणपत्र मिळेल, नाही केली तर कामावरून काढल्याचा शिक्का बसेल, पुढे कुठे नोकरी मिळणार नाही. बाहेर सहकारी काचेतून बघत असतात. माणूस भांबावतो, त्याला तिथून फक्त बाहेर पडायचं असतं, आणि तो सही करतो.

तुम्ही शांतपणे म्हणा, "मला हा कागद घरी नेऊन वाचायचा आहे. उद्या कळवते." कागद नेऊ देत नसतील तर फोटो मागा. तोही नाकारला तर बाहेर आल्यावर लगेच एक मेल लिहा, स्वतःच्या खात्यावरून: आज अमुक वाजता मला बोलावून राजीनामा द्यायला सांगण्यात आलं, मी राजीनामा दिलेला नाही, कामावर यायला तयार आहे. दोन ओळी पुरेत. राग, इतिहास, कुणाची नावं यात घालू नका. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी ऑफिसला जा. आत सोडलं नाही तर तेही मेलने कळवा.

स्वतःहून दिलेला राजीनामा आणि मालकाने केलेली कपात (माणूस कमी करणं) यांत कायद्याने जमीन-अस्मानाचा फरक आहे. कपातीची भरपाई मिळते, राजीनाम्याची मिळत नाही. चर्चा करून जास्त रक्कम मिळत असेल आणि तुम्हालाच बाहेर पडायचं असेल तर खुशाल राजीनामा द्या, पण रक्कम आणि ती देण्याची तारीख आधी लेखी घ्या.

कायद्याने मला काय मिळायला हवं?

श्रमिक, म्हणजे पगारी, पत्रकारांसाठी १९५५ चा स्वतंत्र कायदा होता. त्यात कपातीआधी संपादकाला सहा महिन्यांची आणि इतर पत्रकारांना तीन महिन्यांची नोटीस होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो कायदा त्यांत विरला. तुम्हाला कधी काढलं त्या तारखेवरून कोणता कायदा लागेल ते ठरतं, म्हणून तारीख लेखी हवी.

नव्या औद्योगिक संबंध संहितेत श्रमिक पत्रकार कामगारांत मोडतात. सलग एक वर्ष काम झालेल्याची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून. हिशेबाची उरलेली मजुरी दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायची, ती महिनोन्‌महिने अडकवून ठेवता येत नाही.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना सेवेच्या वर्षांवर मिळणारी रक्कम, अनेकांना माहीतच नसते. इतर कायम नोकरदारांना त्यासाठी पाच वर्षं लागतात, श्रमिक पत्रकाराला तीन पुरतात. हिशेब असा: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांची बेरीज भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. ती बेरीज २६,००० असेल आणि सहा वर्षं झाली असतील तर ९०,००० रुपये. एवढी रक्कम केवळ अर्ज न केल्याने सोडून दिलेली माणसं आहेत.

हातात 'एक्झिक्युटिव्ह' असं पद असलं तरी घाबरू नका. तुम्ही प्रत्यक्ष काय काम करत होता हे महत्त्वाचं. बायलाइनच्या (तुमच्या नावाने छापलेल्या) बातम्या, नेमणुकीचे मेल, पत्रकार परिषदांची निमंत्रणं हे सगळं त्याचा पुरावा आहे. तक्रार सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात द्यायची, बडतर्फीच्या वादासाठी मुदत दोन वर्षांची आहे, पण थांबू नका. पत्रकारांचे पगार ठरवणाऱ्या मजिठिया वेतन आयोगाची अधिसूचना नोव्हेंबर २०११ ची, सर्वोच्च न्यायालयाने ती फेब्रुवारी २०१४ मध्ये उचलून धरली, तरीही त्यातल्या थकबाकीसाठी लोक वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले. कज्जा लांबतो, म्हणून कामगार कायदा करणारा वकील बघा आणि तीन-चार सहकाऱ्यांनी मिळून जा.

पीएफ काढू का?

घर चालवायला दुसरा काहीच मार्ग नसेल तरच. नोकरी बदलली तरी यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच राहतो, रक्कम नव्या ठिकाणी वळवता येते. एकूण सेवा दहा वर्षं भरली की पेन्शनचा हक्क लागतो. नऊ वर्षांवर असताना सगळं काढून मोकळं झालेल्यांना नंतर फार पस्तावावं लागतं.

घरी कसं सांगू?

त्याच दिवशी सांगा. रोज सकाळी आवरून, बॅग घेऊन बाहेर पडायचं आणि पार्क चौकात किंवा एखाद्या चहाच्या गाड्यावर संध्याकाळ करायची, असं करणारे सहकारी मी पाहिले आहेत. घरच्यांना कळतंच, आणि मग नोकरी गेल्यापेक्षा लपवल्याचं दुःख मोठं होतं. आई-वडिलांना भीती वाटेल, सासरी कुजबुज होईल. पण सोलापुरात जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या कापडगिरण्या बंद पडलेल्या पाहिलेली पिढी अजून आहे. भोंगा थांबल्यावर घर कसं चालवलं हे सांगणारी एखादी आजी जवळपास प्रत्येक गल्लीत भेटेल. बंद मिलमधला कामगार आळशी होता म्हणून मिल बंद पडली, असं या गावात कुणी म्हणत नाही. मग बंद पडलेल्या आवृत्तीतल्या उपसंपादकाने स्वतःला का म्हणावं?

पैशांचं बोलणं मात्र आकड्यांत करा. हातात किती आहे, महिन्याला किती लागतं, शाळेची फी कधी आहे, हे कागदावर लिहून घरातल्या सगळ्यांसमोर ठेवा.

पैशापेक्षा "आता मी कोण?" हाच प्रश्न छळतो. झोप लागत नाही.

हे पत्रकारांना इतरांपेक्षा जास्त होतं. "मी अमुक पेपरमधून बोलतोय" हे शब्द दिवसातून पन्नासदा उच्चारलेले असतात. कालपर्यंत पहाटे फोन करणारा पुढारी आज फोन उचलत नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळ्याला पत्रकार कक्षात बसणारा माणूस यंदा गर्दीत मागे उभा असतो. त्याचा त्रास होणं साहजिक आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सकाळी नेहमीच्या वेळी उठा, पेपर वाचा, आणि रोज निदान एका माणसाला कामासाठी भेटा. घरात पडून राहिलात की विचार खायला उठतात.

आणि झोप अनेक दिवस लागत नसेल, दारू वाढली असेल, जगणं नको वाटत असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. फोन करा. कुणा सहकाऱ्याचं बोलणं असं वाटलं तर "काही लागलं तर सांग" म्हणून निघून जाऊ नका, त्याच्या घरी जाऊन बसा.

सोलापुरातच राहून पोट भरता येईल असं दुसरं काय काम आहे?

आहे, पण एका ठिकाणाहून पगारासारखी रक्कम येत नाही, चार ठिकाणची जुळवावी लागते. भाषांतराला मागणी आहे: इंग्रजी-मराठी तर आहेच, कानडी किंवा तेलुगू येत असेल तर दर चांगला मिळतो. कारखाने, बँका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, संस्थांच्या स्मरणिका, ज्येष्ठांची आत्मचरित्रं यांना शुद्ध मराठी लिहिणारा माणूस शोधूनही सापडत नाही. मोठ्या रुग्णालयांना आणि शिक्षणसंस्थांना जनसंपर्क बघणारं कुणीतरी लागतं. आकाशवाणीवर नैमित्तिक काम निघतं, त्याच्या आवाज चाचणीवर लक्ष ठेवा. मुंबई-दिल्लीच्या डिजिटल माध्यमांना यंत्रमाग, ऊस, स्थलांतर, वारी यांवर खोलात लिहिणारं सोलापुरातलं माणूस हवं असतं. त्यांना मेल करताना 'काही काम आहे का' असं लिहू नका, एक ठरावीक विषय, कुणाशी बोलणार आणि कधीपर्यंत देणार हे दहा ओळींत लिहा.

दर आधी ठरवा, निम्मे पैसे आधी घ्या. ओळखीत काम करताना हे सांगायला जड जातं, तरी सांगा.

वय पंचेचाळीस आहे. आता मला कोण घेणार?

दैनिकात कायमची जागा मिळणं अवघड आहे, खोटी आशा दाखवत नाही. तुमच्याकडे मात्र नव्या मुलांकडे नसलेली एक गोष्ट आहे: कोणत्या प्रकरणाचं मूळ कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. ते विकलं जातं, फक्त मोबाइलवर व्हिडिओ काढणं, साधं संपादन करणं हे एखाद्या पंचविशीतल्या सहकाऱ्याकडून शिकून घ्या. तो तुमच्याकडून बातमी शिकेल. अधिस्वीकृती कार्ड (शासनाने पत्रकार म्हणून दिलेलं ओळखपत्र) असेल तर त्याचं पुढे काय होतं हे जिल्हा माहिती कार्यालयात जाऊन विचारा. मोठं आजारपण आलं तर शंकरराव चव्हाण सुवर्णमहोत्सवी पत्रकार कल्याण निधीतून मदतीसाठी अर्ज करता येतो, आणि उतारवयात बाळशास्त्री जांभेकर ज्येष्ठ पत्रकार सन्मान योजना आहे. दोन्हींना अनुभवाचे पुरावे लागतात, म्हणजे पुन्हा तीच कात्रणं आणि नेमणूकपत्रं.

पेपर सुटल्यावर जुन्या सोर्सना (बातमी देणाऱ्या माणसांना) फोन करू का? काय सांगू?

करा, आणि पहिल्याच वाक्यात खरं सांगा: "मी आता त्या पेपरमध्ये नाही, स्वतंत्र काम करते. या विषयावर लिहितेय, बोलाल का?" जुन्या पेपरचं नाव वापरून माहिती काढायची नाही, ती फसवणूक ठरेल आणि दुसऱ्या दिवशी उघडकीला येईल. काही जण टाळतील. तलाठी, नर्स, कोर्टातला शिपाई, युनियनचा कार्यकर्ता, आडत्याचा मुनीम हे मात्र बहुधा बोलतात, कारण त्यांचा संबंध पेपरशी कमी आणि तुमच्याशी जास्त होता. त्यांच्यापासून सुरुवात करा, आणि त्यांनी पूर्वी कुठली बातमी देऊन ती छापायची राहिली असेल तर आधी तीच हातात घ्या.